शालनच्या जबड्याचं भांडण

शालन,

मराठी मंडळाच्या सेक्रेटरीने तुझ्याबद्दल लिहून मागितलंय. अंकात छापणार आहेत, फोटोसकट. म्हणाला, "काका, जन्मगाव, लग्नाचं साल, स्वभाव, एवढंच लिहा. बाकी आम्ही नीट करून घेतो." नमुना म्हणून मागे वारलेल्या एका बाईंवरचा लेख दिला. त्यात लिहिलंय, ‘त्या अत्यंत मनमिळाऊ होत्या.’ मी तो कागद घडी घालून ठेवून दिला. तू आणि मनमिळाऊ! इथल्या चंदीगडच्या बावीस सेक्टरच्या बाजारातला कोथिंबीरवाला तुला लांबून बघितलं की जुड्या झाकायचा. मी सेक्रेटरीला सांगितलं, लिहीन ते माझ्या मनाने लिहीन आणि तिलाच लिहीन. चौथी शिकलेल्या माणसाच्या चुका असतील, त्या तशाच राहू द्या.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. घरात येणारे-जाणारे सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मला हळू बोलायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. तेव्हा आता ऐक, मधे तोंड घालू नकोस.

सुरुवात तुझ्या मिश्रीपासून. कराडकडून लग्न होऊन आलीस तेव्हा ट्रंकेत दोन लुगडी आणि मिश्रीची डबी. आपल्याकडच्या बायका सकाळी उठल्या की भाजलेल्या तंबाखूची पूड बोटावर घेऊन दात घासत बसतात, तासतासभर. माझी आईही बसायची. पण इथं चंदीगडात ते कुणाला ठाऊक? गावाकडून आलेली पूड संपली की तू तव्यावर तंबाखूची पानं भाजायचीस. खालची घरमालकीण खोकत जिना चढून यायची, "आंटीजी, क्या जला दिया?" तू म्हणायचीस, "मसाला जी."

ती पानं आणून कोण द्यायचं? मी. बसस्टँडसमोरच्या दुकानातून. घरी येऊन आधी तुला दोन शिव्या हासडायच्या आणि मग पिशवीतून पुडा काढून द्यायचा, हे मी चाळीस वर्षं केलं. तुझ्यावर रागावायच्या आधी हे लिहून टाकतो, नाहीतर म्हणशील, आपलं तेवढं बरं विसरलात.

खालची डावी दाढ हलायला लागली, हिरडीवर पांढरा चट्टा आला. तू काय केलंस? त्याच्यावर आणखी मिश्री दाबलीस. "कीड मरती," म्हणे. पाच महिने! आपली एकुलती एक लेक वैशाली शेजारच्या पंचकुल्याहून दर रविवारी येते, तिच्यापासून लपवलंस. घास उजवीकडून चावायला लागलीस, ते मला दिसलं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाली असतीस, "तुमी तुमचं बघा." म्हणून नाही विचारलं. हे काय कारण झालं? पण तेच कारण होतं, दुसरं नव्हतं.

मग मोठ्या हॉस्पिटलात त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "माताजी, तंबाकू खाती हैं?" तू ताठ मानेने म्हणालीस, "कभी नहीं जी." बाहेर आल्यावर म्हटलं, डॉक्टरपुढं खोटं कशाला बोललीस?

"खोटं काय त्यात? मी खाती का? दात घासती."

तुकडा तपासून कॅन्सर निघाला, तरी तुझं तेच. वैशालीने मोबाइलवर वाचून दाखवलं की मिश्री म्हणजेही तंबाखूच, तर तिला म्हणालीस, "त्या मोबाइलला काय दात हायत का?" डोक्याला हात लावायचा, दुसरं काय!

आता मुख्य भांडण. ते अजून मिटलेलंच नाही.

डाव्या बाजूचा खालचा जबडा दाढेच्या मागून हनुवटीच्या जवळपर्यंत कापून काढायचा, यावर वाद नव्हता. कापल्यावर त्या मोकळ्या जागेत काय घालायचं, यावर होता. डॉक्टरीणबाईंनी प्लॅस्टिकचा एक जबडा टेबलावर ठेवला आणि बोट फिरवत समजावलं. एक, हाड घालायचंच नाही. छातीवरचं मांस कातडीसकट वर ओढून भोक बुजवायचं. काम लवकर होतं, पण उरलेला जबडा एका बाजूला सरकतो, दातावर दात बसत नाही, तोंड वाकडं होतं. दोन, मधे टायटॅनियमची जाड पट्टी बसवायची आणि तिच्यावर छातीचं मांस. तीन, पायातलं हाड. नडगीच्या शेजारी एक बारीक हाड असतं, अंगाचा भार त्याच्यावर फारसा नसतो. ते त्याच्या रक्तवाहिनीसकट आणि वरच्या कातडीसकट काढायचं, कापून जबड्यासारखं वळवायचं, मानेतल्या रक्तवाहिनीला दुर्बिणीखाली जोडायचं. म्हणजे हाड तोंडात जिवंत राहतं. कमरेचं किंवा खांद्याच्या फऱ्याचंही हाड घेतात, पण तुला पायाचं बरं, असं त्या म्हणाल्या. फक्त ऑपरेशन दहा-अकरा तास चालणार, आणि जोडलेली रक्तवाहिनी पहिल्या दोन-चार दिवसांत तुंबली तर पुन्हा टेबलावर.

टायटॅनियम म्हटल्यावर मी खुर्चीत पुढं सरकलो. पस्तीस वर्षं सेक्टर तीसमधल्या वर्कशॉपात लेथवर काढली मी. इंजिनियर कागदावर रेघा मारायचे, वस्तू माझ्या हातून निघायची. टायटॅनियमला घाई चालत नाही. जरा वेग वाढवला की टूल जळतं. त्या धातूचा मी मान राखतो. म्हटलं, मॅडम, प्लेट लगाइये. कौनसा ग्रेड है? स्क्रू की चूड़ी कितनी बारीक?

त्या हसल्या. "बाबाजी, आपको तो ऑपरेशन में साथ ले चलती हूँ." मग गंभीर होऊन म्हणाल्या, नुसती पट्टी आणि मधे हाड नाही, असं असलं की रोज चावून चावून स्क्रू ढिले होतात. ऑपरेशननंतर विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, दिल्यावर वरची कातडी पातळ होते, पट्टी कधी बाहेर दिसायला लागते, कधी तुटते.

मी म्हटलं, नीट बसवली तर नाही तुटत.

तेव्हा तू बोललीस. डॉक्टरांसमोर विचारल्याशिवाय जन्मात कधी बोलली नव्हतीस. "डॉक्टरजी, हड्डीवाला करो. मेरेको भाकरी चबानी है."

मग आपलं मराठीत जुंपलं आणि त्या बिचाऱ्या पेन हातात धरून आळीपाळीने दोघांकडे बघत राहिल्या.

"एक मशीन बिघडलं म्हणून दुसरं चालू मशीन खोलायचं का? दोन मजले जिना आहे आपल्याला!"

"मी चडंन. तुमी चडता का बघा."

"दहा तास तुला बेशुद्ध ठेवणार. या वयात."

"मग? तितं बी मला सैपाक करायचाय का? झोपायचंच हाय."

"पट्टी मजबूत असते, शालन. मला कळतं त्यातलं."

"निम्मं तोंड पत्र्याचं नको मला."

"पत्रा नव्हे, टायटॅनियम!"

"तेच ते."

वैशाली म्हणाली, "बाबा, प्लीज, यहाँ नहीं." पण तू थांबलीस तर ना. तू म्हणालीस, "आजवर तुमचं सगळं ऐकलं. चंदीगड म्हणाला, आले. परत गावाला जायचं न्हाई म्हणाला, ऱ्हायले. हाड माझं हाय. मी सांगीन तितं बसंल."

मी उठलो. मग करा तुमच्या मनासारखं, मला विचारू नका, असं म्हणून बाहेर जाऊन बाकावर बसलो. तुम्ही दोघी आत अर्धा तास होता. कागदावर साक्षीदाराची सही वैशालीने केली. ती माझी जागा होती. हे मला त्या दिवशीही कळत होतं, पण उठून आत जाणं काही जमलं नाही.

ऑपरेशनला सकाळी आठला नेलं, संध्याकाळी साडेसातला आणलं. मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी तुला बघितलं. चेहरा सुजून दुप्पट, नाकात नळी, गळ्याला श्वासासाठी भोक, पाय पट्ट्यांत. आवाज नाही. नर्स दर तासाला तोंडात बॅटरी मारून आत शिवलेली पायाची कातडी बघायची, सुई टोचायची. लाल रक्त आलं की ठीक. मी दारातून विचारायचो, "लाल है?" ती म्हणायची, "लाल है, बाबाजी." मग मी परत बाहेर. आयुष्यभर हाताने काम केलं आणि तिथं माझ्या हातांना एक काम नव्हतं.

तुझ्या खाणाखुणा मला कळायच्या नाहीत आणि तू पलंगाच्या दांडीवर हात आपटायचीस. शेवटी वैशालीने पाटी आणून दिली. दुसरी शिकलेली तू. मला वाटलं, दुखतंय म्हणून लिहिशील, पाणी मागशील. वाकड्या अक्षरांत लिहिलंस, ‘जेवला का’. मी चिडलो. म्हटलं, आधी आपलं बघ, मग माझ्या चौकशा कर. तर पाटी पुसून लिहिलंस, ‘शर्ट उलटा’. होता उलटा. पण ती काय वेळ होती सांगायची?

हाड धरलं. पुढं प्रत्येक वेळी तपासायला गेलो की डॉक्टरीणबाई एक्स-रे उजेडावर लावायच्या, "आइए बाबाजी, देखिए." मी खिडकीतून बाहेर बघायचो. एकदाही बघितलं नाही मी. माझी पट्टी नाकारून जे काय बसवलंय ते मला बघायचंच नव्हतं. तू आणि वैशाली एकमेकींकडे बघून ओठ दाबायचात. मला वाटायचं, माझ्या हट्टाला हसताय. आणखीच मान फिरवायचो.

विजेच्या शेकांनी तुझी चव गेली, तोंड आलं. तुझं सगळं जेवण मिक्सरमधून. वरण-भात मिक्सरमधून, शिरा मिक्सरमधून. कधी नव्हे तो मी स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि तू पलंगावरून हाताने सूचना करायचीस. पाणी कमी घाला, जाळ बारीक करा. माझ्या लेथवर कुणी असं उभं राहिलं असतं तर मी त्याला हाकलला असता.

तीन महिन्यांनी तू कुणाचा हात न धरता दोन मजले चढलीस. मधल्या पायरीवर टेकली नाहीस. वर पोचून धापा टाकत मला म्हणालीस, "मशीन चालतंय नव्हं?" तुझ्या बोलण्यात जरा लाळ यायची, शब्द थोडे चेपल्यासारखे यायचे, पण टोमणा एकदम साफ आला.

आणि मग भाकरीचा दिवस. बाजरीचं पीठ इथं मिळतं. दुपारी तू थापलीस, माझ्यासमोर मांडी घालून बसलीस. मांडी, शालन, त्याच पायाची. आधी पापुद्रा दुधात बुडवून खाल्लास. मग कडेचा कडक तुकडा तोडून उजवीकडे घातलास आणि चावत राहिलीस. पाच मिनिटं, दहा मिनिटं. जबडा सरळ वर-खाली होत होता, तसूभर सरकत नव्हता. गिळलंस आणि माझ्याकडे बघितलंस.

त्या वेळी काय म्हणायला हवं होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. तीन शब्द. घशापर्यंत आले होते. मी म्हणालो, "मीठ कमी झालंय."

तू माझ्यापुढचं ताट उचलून नेलंस. बरोबर केलंस.

त्या हाडात आता स्क्रू बसवून दात लावता येतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तारीख मिळाली. तू आख्ख्या बिल्डिंगला सांगून बसलीस की माझ्या पायाला दात येणार. सगळ्या बायका हसल्या. आणि तारखेला नऊ दिवस असताना सकाळी चहा ठेवलास, "आलं संपलंय" म्हणालीस, ओट्याला धरून खाली बसलीस आणि संपलीस. हृदय, म्हणाले. एवढा कॅन्सर काढला, एवढं हाड इकडचं तिकडं केलं, सगळे एक्स-रे, सगळे स्कॅन, आणि त्या हृदयाने आधी एका शब्दाने सांगू नये? बरं, तू तरी सांगायचंस. छातीत दुखत होतं का? दुखत असणार. तू सांगणारी नव्हेसच. आलं संपलंय! चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मला सांगितलेली शेवटची गोष्ट ही. मी आलं आणलंय. पडलंय तिथंच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला गेलो. वैशाली म्हणाली, मी येणार. ये म्हटलं. तिथला माणूस राख चाळत होता, अस्थी वेचून मडक्यात घालत होता. मधेच त्याने काहीतरी बाजूला काढलं, पाण्याने धुतलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "बाबाजी, ये धातु है. ये गंगाजी में नहीं डालते."

धातूची पट्टी. वळवलेली, जबड्याच्या आकाराची, रांगेने भोकं. दोन-तीन भोकांत स्क्रू अजून अडकलेले. जाळाने निळसर-करडा रंग चढलेला. हा धातू मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, ही दुसऱ्या कुणाची आहे, हिच्यात पट्टी नव्हती. हिने घेतली नव्हती पट्टी.

वैशाली रडत होती, ती रडता रडता हसायला लागली. मला वाटलं, पोरीला काही झालं. "बाबा, प्लेट तो थी ही ना! पैर की हड्डी को पकड़ने के लिए प्लेट लगती ही है. डॉक्टरने त्याच दिवशी सांगितलं. आप बाहर चले गये थे."

मी विचारलं, तुझ्या आईला ठाऊक होतं?

"आईनेच विचारलं होतं. बोली, इसमें वो धातु बिलकुल नहीं लगेगा क्या? मेरे आदमी को उसका बहुत भरोसा है. डॉक्टर म्हणाल्या, लागणार, बारीक लागणार. आई एकदम खूश."

मग मला का नाही सांगितलं?

वैशालीने डोळे पुसले. "आई बोली, अभी मत बताना, नहीं तो सारी बिल्डिंग में बोलेंगे कि मेरी ही चली. बोली, ज्या दिवशी तुझे बाबा स्वतःच्या तोंडाने म्हणतील की तुझं बरोबर होतं, त्या दिवशी मी सांगीन."

दीड वर्ष! दीड वर्ष तू माझी पट्टी तोंडात घेऊन माझ्यासमोर जेवत होतीस. मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि ती एक्स-रेमध्ये माझ्या पाठीमागे लटकत होती. तीन शब्दांवर अडवून धरलंस मला. अशी बाई मी बघितली नाही. आणि असा बाप्याही कुणी बघितला नसेल, ज्याला दीड वर्षात तीन शब्द सापडले नाहीत.

घरी आल्यावर मी माझा जुना मायक्रोमीटर काढला आणि पट्टी मोजली. एक मिलिमीटरच्या आत-बाहेर. मी आयुष्यभर धातू हाताळलाय. एवढ्या जाडीची पट्टी एकटी बाजरीच्या भाकरीपुढं टिकली नसती. वर्षाच्या आत भोकापाशी तडकली असती. वैशाली म्हणते, नुसती पट्टी लावली असती तर डॉक्टरांनी हिच्यापेक्षा जाड लावली असती. लावली असती. तरी मी आता तो मुद्दा काढत नाही. भोकांच्या कडा काचेखाली बघितल्या, कुठं झिजल्या नाहीत, कुठं ताणल्या नाहीत. म्हणजे भार पट्टीवर येतच नव्हता. भार हाडाने घेतला होता. तुझ्या पायाच्या हाडाने. हे मी मोजून सांगतोय, तू गेलीस म्हणून मन राखायला सांगत नाही.

तुझं बरोबर होतं, शालन.

म्हटलं मी. आता तू सांगायचं ठरलं होतं.